सायकल तुझी, राखण कुणाची?

आधी ते स्टेटस काढ. मित्राची सायकल चोरीला गेली म्हणून काल रात्रीपासून तू तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवतोयस. चांगलं केलंस. आता खाली पार्किंगमध्ये जा आणि तुझी स्वतःची कशी उभी आहे ते बघ. मी बघून आलोय. जिन्याच्या ग्रिलला टेकवलेली. पुढच्या चाकातून बोटाएवढी केबल. केबलला आकड्यांचं कुलूप. ते आकडेसुद्धा तू सगळे फिरवत नाहीस. शेवटचं चक्र एक घर ढकलतोस आणि निघतोस, कारण उघडताना सोपं पडतं. तुला सोपं पडतं ते चोराला अवघड कसं पडेल?

माहीत नव्हतं, असं म्हणू नकोस. फोर्कमध्ये हवेचा दाब किती, तुझ्या वजनाला सॅग किती बसायला हवा, पाऊस पडून गेल्यावर वेताळ टेकडीवर जाताना टायर किती उतरवायचे, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. चेनला तेल की मेण, यावर तासभर हुज्जत घालशील. पेडलचे चार ग्रॅम कमी व्हावेत म्हणून महिनोन्‌महिने पैसे साठवतोस. आणि हाच मुलगा दुकानातून निघताना काउंटरवरचं सगळ्यात स्वस्त कुलूप उचलतो, खरेदी संपली म्हणतो, आणि पुन्हा त्या कुलपाकडे ढुंकून बघत नाही. याला अज्ञान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सायकलीच्या ज्या भागात मजा आहे तेवढाच तू शिकलास. जो कंटाळवाणा आहे तो दुसऱ्यावर टाकलास. कुणावर टाकलास, ते पुढे सांगतो.

ती केबल कधी सोलून बघितलीस? बघ एकदा. वरचं प्लास्टिक काढलं की आत बारीक तारांचा पीळ निघतो. जाडी सगळी आवरणाची होती. तो पीळ तोडायला ग्राइंडर लागत नाही, हातोडा लागत नाही, आवाजही होत नाही. खिशात मावणारा तारकटर आणि चार-पाच दाब, एवढ्यात केबल तुटते. आकड्यांच्या कुलपाला तर तेही लागत नाही. चार चक्रं म्हणजे दहा हजार जोड्या, असा हिशेब तू मला ऐकवशील. स्वस्तातलं कुलूप ओढून धर आणि एकेक चक्र फिरव. बरोबर आकडा आला की हाताला अडखळल्यासारखं लागतं. दहा हजारांचे चाळीस झाले. इंजिनिअरिंगला आहेस ना? हे गणित तुला दुकानातच सुचायला हवं होतं.

आणि अडकवलंस कशाला, तर पुढच्या चाकाला! जुन्या सायकलीला तुझ्या क्विक रिलीज होता. तुलिओ काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूनं तो रूढ केला, ते चाक पान्याशिवाय, क्षणात निघावं म्हणून. शर्यतीतल्या माणसाची जी सोय, तीच चोराची. तो चाक ग्रिलला ठेवतो आणि बाकीची सायकल घेऊन जातो. आता नवीला थ्रू ॲक्सल आहे म्हणून तू निर्धास्त. त्याला काय लागतं? एक एल-की. ती तुझ्या कमरेच्या पाऊचमध्ये असते, मग त्याच्याकडे का नसेल?

कुलूप लावायचं ते फ्रेमला. फ्रेम, मागचं चाक आणि जमिनीत गाडलेली एखादी हलणार नाही अशी वस्तू, या तिघांतून एकच कडी गेली पाहिजे. खांब असेल तर वर मान करून बघ. सायकल उचलून खांबावरून काढता येते का? रेलिंग असेल तर हलवून बघ. एका नटावर उभी आहे का? कुलपाच्या आत मोकळी जागा जेवढी कमी, तेवढी पहार घालायला वाव कमी. साखळी लावलीस तर जमिनीवर लोळू देऊ नकोस, कारण बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून अंगाचा सगळा भार दुसऱ्यावर टाकता येतो. किल्लीचं भोक खाली कर. हे सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं. टायरमधली हवा बघायला तू याहून जास्त वेळ घेतोस.

तुझी फुल सस्पेन्शन आहे, म्हणून तुला आणखी एक गोष्ट ऐकावी लागेल. रोड सायकलवाल्यांचं बघून तू परवा उसना छोटा यू-लॉक मागच्या त्रिकोणात अडकवला होतास. त्यांना ते चालतं. तुझा मागचा त्रिकोण फ्रेमला बोल्टांनी जोडलेला आहे. पिव्हटचे बोल्ट एल-कीनं सुटतात. चोर मागचा भाग तिथेच सोडेल आणि मुख्य फ्रेम, फोर्क, हँडल, म्हणजे ज्याला पैसे मोजलेस ते सगळं घेऊन जाईल. पुढचा मोठा त्रिकोण अडकलाच पाहिजे. बेअरिंग बदलताना तू ती लिंकेज स्वतः उघडली आहेस. ती उघडते हे तुझ्या हातांना ठाऊक आहे. डोक्याला का नाही?

आता तुझं आवडतं वाक्य. ‘सर, ज्याला न्यायची तो नेतोच. बॅटरीवरचा ग्राइंडर बोहरी आळीत कुणालाही मिळतो.’

मिळतो. साधं पोलादी कुलूप त्याच्यापुढे मिनिटभर टिकतं, कधी तेवढंही नाही. पण यातून तू काढलेला निष्कर्ष बघ: कुलूप हरतंच, म्हणून वाईट कुलूप घ्यावं. हे तर्कशास्त्र कुणी शिकवलं तुला? कुलूप म्हणजे वेळ. चोराला किती वेळ लागेल, किती आवाज होईल आणि कोणतं अवजार आणावं लागेल, एवढंच तुझ्या हातात आहे, आणि ते थोडं नाही. खिशातल्या कटरनं पाच सेकंदांत मुकाट्यानं जाणारी सायकल आणि ग्राइंडर लावून, ठिणग्या उडवत, समोरच्या चार खिडक्या उघडायला लावून जाणारी सायकल, यांत फरक नाही का? दोन्ही बाजूंनी अडकणारा यू-लॉक असेल तर एका कापानं भागत नाही, दांडा दोनदा कापावा लागतो. ग्राइंडरची चकती खाऊन टाकणारी कुलपंही गेल्या काही वर्षांत निघाली आहेत. महाग आहेत, जड आहेत. घेच असं मी म्हणत नाही. पण ‘नेतोच’ हे तू अनुभवानं बोलत नाहीस. कुलूप लावायचा कंटाळा आहे, त्याला तू नशिबाचं नाव दिलंस.

आणि कुलूप घेताना नुसतं लोखंड बघू नकोस. अमेरिकेत 2004 मध्ये क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या कंपनीची दणकट यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात हे लोकांनी चित्रफितीत दाखवलं. पोलाद उत्तम होतं. किल्लीचं गोल, नळीसारखं भोक कच्चं होतं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. म्हणून गोल नळीच्या किल्लीचं कुलूप नको. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर आणि नेदरलँडमधली एआरटी या संस्था कुलपं फोडून बघतात आणि दर्जा देतात. सोल्ड सिक्युअरचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड, एआरटीचे तारे. डबा उलटा करून वाचायचं एवढंच काम. हेल्मेट घेताना तू आतलं स्टिकर वाचलंस की नाही? मग इथं डोळे का मिटतात?

‘वजन वाढतं, सर.’ वाढतं. चांगला यू-लॉक दीड-दोन किलोचा असतो. तो सिंहगडावर चढवायला तुला कुणी सांगितलं? जिथं सायकल रोज तासन्‌तास उभी राहते, कॉलेजात किंवा क्लासखाली, तिथल्या रेलिंगला जड कुलूप ठेवून दे. घरी दुसरं ठेव. राइडला निघाल्यावर सायकल नजरेआड करू नकोस, म्हणजे कुलूप वाहायची गरजच नाही. पण तू काय करतोस? पायथ्याशी टपरीच्या भिंतीला सायकल टेकवतोस, पाठ फिरवून बसतोस, हेल्मेट काढून मोबाइलमध्ये चढाचा वेळ बघतोस. ‘दोनच मिनिटं.’ चोराला दोन मिनिटं पुरतात का, हे मला विचारू नकोस. तुला स्वतःला तुझ्या सायकलवर बसून निघायला किती सेकंद लागतात? तेवढेच त्याला लागतात. चहा सायकलशेजारी उभा राहून पी. एका हातात ग्लास, दुसरा हात हँडलवर. लाज वाटते? लाज कशाची?

पार्किंगबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथंच तू सगळ्यात बेफिकीर आहेस. रस्त्यावर निदान जरा घाबरतोस. सोसायटीच्या फाटकातून आत आलं की संपलं. ‘वॉचमन आहे, सीसीटीव्ही आहे.’ कॅमेरा कुठं बघतोय ते तू कधी बघितलंस? बहुतेक ठिकाणी तो फाटकाकडे आणि मोटारींकडे बघतो. तुझी सायकल जिन्याखालच्या अंधारात. चित्रण किती दिवस राहतं? डीव्हीआर चालू तरी आहे का? सेक्रेटरींना कधी विचारलंस? चोरी झाल्यावर सगळे विचारतात. आणि चित्रणात दिसणार काय, तर टोपी घातलेला एक माणूस तुझ्या सायकलवर बसून निवांत बाहेर जातोय. फाटकावर त्याला कुणी अडवत नाही, कारण सायकलवरून बाहेर जाणारा माणूस रहिवासीच असणार असं सगळ्यांना वाटतं.

राहिला वॉचमन. राखण तू दुसऱ्यावर टाकलीस म्हणालो ना, ती याच्यावर. बारा तासांची पाळी. पाण्याची मोटर तोच लावतो, पार्सलं तोच घेतो, गाड्या मागेपुढे तोच करायला लावतो, कचऱ्याच्या गाडीला फाटक तोच उघडतो. यात तुझ्या सायकलवर नजर ठेवायचा पगार कोणता? तू त्याला त्यातला किती देतोस? सायकल गेली की पहिलं बोट त्याच्याकडे जातं. त्याची खोली तपासली जाते. त्याच्या गावाहून भेटायला आलेल्या भावाची चौकशी होते. कधी नोकरी जाते. केबल तू लावलीस, आकडा तू फिरवला नाहीस, आणि भोगायचं त्यानं? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तू शाळेत पाठ केलीस. तुझ्या आळसापायी कुणाचं पोट मारलं जाऊ शकतं, याचा विचार केलास कधी? सायकल गेली तर पैसे जातील, ते तू पुन्हा कमावशील. त्या माणसावर एकदा लागलेला बट्टा तू पुसून देणार आहेस?

कमिटीला एक अर्ज लिही. भिंतीत किंवा फरशीत फास्टनर मारून जाड लोखंडी कडी बसवून द्या, खर्च मी करतो, असं लिही. बहुतेक कमिट्या नाही म्हणणार नाहीत. तू मागितलंच नाहीस. नाही तर सायकल घरात घे. उभी टांगली तर गॅलरीत फार जागा खात नाही. आई चिखलासाठी ओरडते, सायकलीसाठी नाही. खाली नळ आहे. टायर धू, पूस, मग वर आण. आजोबांच्या काळ्या ॲटलसला मागच्या चाकात अर्धगोल कुलूप असायचं, आणि वीस किलोंच्या वरचं ते धूड खांद्यावर टाकून न्यायला पहिलवान लागला असता. तरी ते किल्ली फिरवल्याशिवाय पानाच्या दुकानातही जात नसत. तुझी तेरा-चौदा किलोची आहे. एका हातानं उचलून जिना चढतोस, आणि ते कौतुकानं दाखवतोस.

गाडीच्या मागे रॅकवर बांधून नेतोस तेव्हाही तेच. पट्ट्यांचा रॅक चाकूनं कापता येतो. एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलला सगळे एकदम जेवायला आत जाता. एकानं बाहेर थांबावं, पाळीनं. मुक्कामाच्या हॉटेलात खोलीत सायकल नेऊ देतात का, हे बुकिंग करतानाच विचारावं.

स्ट्राव्हावर तुझी प्रत्येक राइड तुझ्या फाटकापासून सुरू होते आणि तिथंच संपते. सायकलीचं मॉडेलही लिहिलेलं, वर फोटो. चोराला अजून काय पाहिजे? सुरुवातीचा आणि शेवटचा पल्ला लपवायची सोय सेटिंगमध्येच आहे. 2018 मध्ये याच ॲपच्या नकाशावरून सैनिकांच्या तळांच्या जागा उघड झाल्याचा बोभाटा झाला, तेव्हा ती बातमी मला तूच पाठवली होतीस. बातमी पाठवलीस आणि सेटिंग तसंच ठेवलंस.

सीटखाली एअरटॅग चिकटवलाय, ठाऊक आहे मला. असू दे, काढू नकोस. पण त्यात जीपीएस नसतो. आजूबाजूला ॲपलचे फोन असतील तरच ठिकाण कळतं. आणि अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय, अशी सूचना आयफोनवाल्या चोरालाही जाते. तो चोरी अडवत नाही, चोरीनंतर कामाला येतो, तेही नशीब बरं असेल तर. आणि एक नीट ऐक. ठिकाण दिसलं तरी एकट्यानं जाऊन कुणाचं दार ठोठवायचं नाही. सायकल दुसरी येईल. पोलिसांना घेऊन जा.

पोलिसांचं नाव निघालं की तू हात झटकतोस. ‘ते काय शोधणार?’ तू त्यांना शोधायला काय देतोस, ते आधी सांग. मोटरसायकलला नंबरप्लेट असते, आरसी असते. तुझी सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. तिची ओळख एकच: बॉटम ब्रॅकेटच्या खाली ठोकलेला फ्रेम नंबर. काय आहे तुझा नंबर? गप्प का? जिथं पायांनी सगळा टॉर्क लावतोस, त्या जागेच्या चार बोटं खाली तो नंबर आहे, आणि तू एकदाही वाचला नाहीस. ‘लाल रंगाची, एकोणतीस इंची’ एवढ्यावर पोलिसांनी शोधायची? तशा पुण्यात किती असतील?

आपल्याकडे चोर सापडत नाहीत असंही नाही. चोर पकडला जातो, त्याच्याकडून सायकली जप्त होतात, त्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभ्या राहतात. पाऊस खातात, गंजतात. कुणाच्या, ते कळत नाही. मालक येत नाही, आला तर सिद्ध करू शकत नाही. बिल नाही, नंबर नाही. शेवटी बेवारस म्हणून लिलाव. कोर्टातून सायकल सोडवायची तर कागद लागतो, तुझं प्रेम लागत नाही.

तक्रार कशी द्यायची तेही नीट शिक, कारण तुझा मित्र तिथंही घाईत फसला. घरबसल्या ऑनलाइन ‘वस्तू गहाळ’ अशी नोंद करून तो मोकळा झाला. गहाळ म्हणजे तुझ्या हातून पडली. चोरीचा तपास त्यावर होत नाही. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालचा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 च्या आधी तो आयपीसी 379 मध्ये होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, हद्द कुणाचीही असो. मेलनंही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी कळवता येतं. ‘नोंदवून घेत नाहीत’ म्हणून घरी येऊन बसणाऱ्यांपैकी किती जणांनी हे पत्र लिहिलं? मित्राला विचार. मग त्याच्याबरोबर आज ठाण्यात जा. फोटो फिरवण्यापेक्षा त्याला त्याचा उपयोग जास्त आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि इथं मला खरा राग आहे. तुझ्या सायकलीवरचा तो फोर्क कुठून आला? ॲपवरून, निम्म्याहून कमी किमतीत, एका अनोळखी माणसाकडून, हायवेच्या पुलाखाली भेटून. बिल मागितलंस? मागितलं नाहीस. का? मागितलं असतं तर उत्तर काय येईल हे तुला आतून कळलं होतं. म्हणून विचारलंच नाहीस. ‘मला काय माहीत’ म्हणता यावं, एवढ्यासाठी तू माहीत करून घेतलं नाहीस. न्याय संहितेचं कलम 317 नुसतं ‘माहीत असताना’ म्हणत नाही. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला, तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निम्मी किंमत, बिल नाही, पुलाखालची भेट. आणखी कोणतं कारण हवं होतं तुला?

चोर सायकल चालवायला नेत नाही. विकायला नेतो. विकत घेणारा पेट्रोलपंपावरचा कुणी गुंड नसतो. तुझ्यासारखा, डँपरचा आकार ओळखणारा, किंमत कळणारा माणूस असतो. आज सकाळी ज्या सायकलीसाठी हळहळलास, तिचा फोर्क महिनाभरात तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातात जाईल, आणि तोही बिल मागणार नाही. त्या फोर्कवरचा सिरियल नंबर विकणाऱ्याला पाठव आणि बिल माग. त्यानं फोन उचलणं बंद केलं तर उत्तर मिळालं असं समज, आणि फोर्क घेऊन माझ्याकडे ये. ठाण्यात मी येईन तुझ्यासोबत.

बैल गेला आणि झोपा केला, अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. सायकल गेल्यावर हजारोंचं कुलूप घेतात आणि रिकाम्या खिळ्याला टांगतात. तुझी अजून खाली उभी आहे. म्हणून इतकं बोलतोय.

आता उठ. दुकान साडेआठला बंद होतं, त्याच्या आधी त्यांना फोन करून बिलाची प्रत मेलवर मागव. मग खाली जाऊन सायकल उलटी कर, बॉटम ब्रॅकेटखालचा चिखल फडक्यानं पूस आणि नंबरचा फोटो मला पाठव. अक्षर आणि आकडा वाचता येईल असा, हललेला नको. आणि येताना सायकल वर घेऊन ये.